मला शांत ठेवणारी गोळी

माझी आई नाशिकला वारली तेव्हा मी दिल्लीतल्या एका शाळेत नववीच्या मुलांना वर्तुळाचं प्रमेय शिकवत होते. फोन पर्समध्ये, आवाज बंद. तास संपल्यावर भावाचे इतके मिस्ड कॉल दिसले की मी परत फोन लावण्याआधीच खाली बसले. संध्याकाळचं विमान मिळालं. पोचले तोवर सगळं उरकून भाऊ घरी आला होता. मला आई दिसली नाही.

दिल्लीला परत आल्यावर मी रडत होते. एवढंच. स्वयंपाक करत होते, शाळेत जात होते, मुलीचा अभ्यास घेत होते आणि मधूनमधून रडत होते. ज्या बाईची आई गेली ती बाई रडते. यात डॉक्टरकडे नेण्यासारखं काय होतं, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

आमचं घर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. नवरा केंद्र सरकारात अधिकारी. सासूबाई आमच्याकडेच असत. त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या होत्या. त्यातली एक मला म्हणाली, "वय झालं होतं ना त्यांचं? सुटल्या हो." मी म्हटलं, "तुमची आई सुटेल तेव्हा मी पण येऊन असंच म्हणेन." आणि आत जाऊन दार आपटलं.

बायका तिळगूळ घेऊन गेल्या. त्यानंतर नवरा आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत हळू आवाजात काहीतरी बोलत बसले. दुसऱ्या दिवशी नवरा मला त्याच्या मित्राच्या दवाखान्यात घेऊन गेला. मित्र म्हणजे आपला मराठी डॉक्टर, दर रविवारी नवऱ्याबरोबर बॅडमिंटन खेळणारा. त्यानं मला दोन प्रश्न विचारले आणि बाकीचे सगळे नवऱ्याला.

"थोडे दिवस घ्या वहिनी," तो म्हणाला. "मन शांत होईल."

तेव्हा माझी मुलगी सहावीत होती. ती बारावीत गेली तरी ते थोडे दिवस संपले नव्हते. मधल्या काळात त्या डॉक्टरनं मला एकदाही तपासलं नाही. नवरा त्याला व्हॉट्सअॅप करायचा, तो चिठ्ठीचा फोटो पाठवायचा. पुढे पुढे तोही लागेनासा झाला. मार्केटमधला केमिस्ट नवऱ्याला ओळखत होता.

मी खोटं बोलणार नाही, सुरुवातीला बरं वाटलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उचलून बाजूला ठेवावं तसं. मी रडायची थांबले. मग हसायचीही थांबले, पण त्याची कुणी दखल घेतली नाही. रोज जेवताना नवरा माझ्या ताटाशेजारी एका छोट्या स्टीलच्या वाटीत गोळी ठेवायचा. चटणी वाढावी तशी. पाहुणे असले की ते म्हणायचे, "किती काळजी घेतात हो तुमचे!"

शाळेत मात्र माझं चालेना. फळ्यावर सिद्धता लिहिता लिहिता तिसऱ्या ओळीवर माझा हात थांबायचा. पुढची पायरी आठवायची नाही. ज्या गोष्टी मी झोपेतून उठवलं तरी सांगितल्या असत्या, त्या! मुलं आधी थांबायची, मग एकमेकांकडे बघायची, मग हसायची. पालकांच्या तक्रारी गेल्या. मुख्याध्यापिकेनं मला वर्गावरून काढून लायब्ररीत बसवलं. वर्षअखेरीस मी राजीनामा दिला. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "बरंच झालं. आराम कर." पंधरा वर्षं शिकवलेलं गणित माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं, आणि माझ्या घरात ती आरामाची सोय ठरली.

या घरात एक वाक्य होतं. "गोळी घेतलीस का?"

मी म्हटलं, आईच्या वर्षश्राद्धाला नाशिकला जायचंय. "गोळी घेतलीस का?" मी म्हटलं, दिराच्या घरच्या कार्याला महिनाभर आधी मी कशाला जाऊन राबू? "गोळी घेतलीस का?" एकदा मुलीनं मला न विचारता गुडगावला मैत्रिणीकडे राहायला जायचं ठरवलं, मी नाही म्हणाले, तर तीही मान वाकडी करून बापासारखीच म्हणाली, "मम्मा, यू ओके? गोळी घेतली ना?" तिला दोष देत नाही. घरात जे ऐकलं तेच ती बोलली. पण त्या वाक्यानंतर मी गप्प बसायचे, आणि बसल्यावर खरंच वाटायचं की आपल्यालाच काहीतरी झालंय.

दर जानेवारीत इथली मराठी माणसं बस करून पानिपतला काला अंबच्या स्मारकाला जातात. लढाईत पडलेल्यांना नमस्कार करतात, भाषणं होतात, डबे उघडतात, संध्याकाळी परत. मुलगी बारावीत होती त्या वर्षी नवरा गुवाहाटीला टूरवर होता. गोळ्या संपल्या होत्या आणि केमिस्टच्या दुकानात नवीन माणूस बसला होता, तो चिठ्ठी मागायला लागला. मी म्हटलं जाऊ दे, नवरा आला की बघेल. मला वाटलं, दोन-तीन दिवसांनी काय बिघडणार आहे? मला कुणी सांगितलंच नव्हतं काय बिघडतं ते.

बसमध्ये हात थरथरत होते. मला वाटलं थंडी. बाहेर एवढं धुकं होतं की रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं, आणि मला स्वेटरच्या आत घाम. बायकांच्या बांगड्यांचा आवाज कानात खुपत होता. शेजारी एक मुलगी बसली होती, परभणीची, युपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीला आलेली. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "झोप झाली नाही गं." त्या स्मारकापाशी लाऊडस्पीकरवर कुणीतरी तलवारींबद्दल जोरजोरात बोलत होतं. तो आवाज मोठा मोठा होत गेला. तेवढंच आठवतं.

मला फिट आली होती. जीभ चावली गेली होती. त्या परभणीच्या मुलीनं माझं डोकं मांडीवर घेतलं, गाडी मिळवली आणि मला पानिपतच्या एका हॉस्पिटलात पोचवलं. बसमधल्या बाकीच्यांनी आधी डबे संपवले. हे मला तिनं नंतर सांगितलं, आणि सांगताना तिला माझ्यापेक्षा जास्त राग आला होता.

तिथली डॉक्टर तरुण होती, हरियाणवी हेल काढून बोलणारी. तिनं विचारलं, "कोई गोली चल रही है, आंटी?" मी नाव सांगितलं. "कब से?" तेही सांगितलं. ती लिहायची थांबली.

"इतने साल? किसी ने बंद करने को नहीं बोला?"

"नहीं."

"यह ऐसे अचानक छोड़ते नहीं हैं. जान जा सकती थी आपकी. इसकी आदत पड़ जाती है. धीरे-धीरे कम करनी होती है, डॉक्टर की निगरानी में." मग म्हणाली, "आपको पता नहीं था?"

मला माहीत नव्हतं. मला वाटायचं व्यसन म्हणजे फ्लायओव्हरखाली नाकाला रुमाल लावून पडलेली पोरं. दारू पिऊन बायकोला मारणारा कुणी ड्रायव्हर. मी तर रोज साडी नीट नेसून, देवाला दिवा लावून, नवऱ्यानं वाढलेली गोळी घेणारी बाई होते.

नवरा गुवाहाटीहून परत आला. घरात पाऊल टाकल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "सगळ्यांसमोर व्हायला नको होतं."

आपल्या मंडळींत तोवर पसरलंच होतं की बाई काहीतरी घेतात. एकीनं तर मला फोन करून योगासनांच्या वर्गाचा पत्ता दिला.

मी नवऱ्याला म्हटलं, मला तुमच्या मित्राकडे घेऊन चला. तो खूश झाला. त्याला वाटलं नवीन चिठ्ठी आणायला चाललोय. दवाखान्यात शिरल्या शिरल्या डॉक्टर नवऱ्याकडे बघून म्हणाला, "काय रे, वहिनींना जरा डोस वाढवून..."

"माझ्याशी बोला," मी म्हटलं.

तो हसला. "बोला ना वहिनी."

"याची सवय लागते हे तुम्हाला माहीत होतं?"

"अहो, डोस कमी होता. आणि तुम्ही मजेत होतात ना? इतक्या वर्षांत एकदा तरी तक्रार केलीत का?"

"तुम्ही एकदा तरी मला विचारलंत का?"

तो नवऱ्याकडे बघायला लागला. नवरा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मी उठले. चपला घालताना मला ऐकू आलं, डॉक्टर हळूच म्हणत होता, "विथड्रॉवलमुळे चिडचिड होते, मनावर घेऊ नकोस." माझं सगळं बोलणं त्यानं एका शब्दात गुंडाळून नवऱ्याच्या हातात दिलं.

पानिपतच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, त्याप्रमाणे मी उत्तर दिल्लीत हिंदूरावच्या बाजूला, रिज नावाच्या टेकडीवरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात जायला लागले. एकटी. मेट्रो बदलत, पुढे ई-रिक्षानं. रांग लांब असायची, माकडं भिंतीवर बसून रांगेतल्यांच्या हातातली केळी न्याहाळायची. तिथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या. पण जे बोलायच्या ते मला बोलायच्या. गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू उतरवायची ठरली. अर्धी, मग पाव, ब्लेडनं कापून, आणि प्रत्येक पायरीवर बरेच आठवडे थांबायचं.

ते दिवस कुणाला सांगून कळायचे नाहीत. कानात सतत शिट्टी. दात दुखायचे, एकही किडलेला नसताना. ट्यूबलाइट डोळ्यांत घुसायची. कातडीखालून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. भाजी चिरताना मध्येच हातातली सुरी खाली ठेवून मी ओट्याला घट्ट धरून उभी राहायचे. सासूबाई देव्हाऱ्यापाशी बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "एवढा त्रास करून घेण्यापेक्षा घेत जा ना बाई. आम्ही नाही का रक्तदाबाची घेत?"

आणि मग राग यायला लागला. आधी बारीकसारीक गोष्टींचा आणि मग सगळ्याचा. इतक्या वर्षांचा राग कुठेतरी ओल्या कपड्यांसारखा दाबून ठेवलेला असावा, त्याला वास यायला लागला होता. मी नाशिकचं तिकीट काढलं. नवरा म्हणाला, "कॅन्सल कर, तुझी तब्येत नाही." मी म्हटलं, "आई गेली तेव्हा मी चार दिवस होते, त्यानंतर तुम्ही मला एकदाही जाऊ दिलेलं नाही. मी जाणार." तो म्हणाला, "ओरडू नकोस." मी ओरडत नव्हते. तो तसं म्हणाला म्हणून मग मी ओरडले. समोरच्या क्वार्टरमधल्या बाईनं खिडकी उघडली. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्यासमोरच मुलाला म्हणाल्या, "हिला परत काहीतरी दे बाबा. हे घर आहे की काय आहे!"

मी नाशिकला जाऊन आले. आईची कपाटं भावजयीनं रिकामी केली होती. मी तिच्या पलंगावर बसून मनसोक्त रडले आणि कुणी मला काही दिलं नाही.

परत आल्यावर काहीतरी उलटंच व्हायला लागलं. मी गोळी आणखी कमी केली होती, पण रात्रीच्या जेवणानंतर डोळे मिटायला लागायचे. जीभ जड व्हायची. सकाळी पुन्हा ते जुनं धुकं. रिजवरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "आप बीच में ज़्यादा तो नहीं ले रहीं? सच बताइए." मी शपथेवर नाही म्हटलं. त्यांना पटलं नाही, ते मला दिसलं. मेट्रोत बसून मी स्वतःवरच शंका घ्यायला लागले. मी विसरून दोनदा घेते का? माझं डोकं कायमचं गेलं का?

त्याच आठवड्यात मुलगी कॉलेजातून लवकर आली. मी स्वयंपाकघरात होते. ती दारात उभी राहिली, बॅग खांद्यावरच.

"मम्मा, एक गोष्ट सांगू? पण तू बाबांवर चिल्लावू नको."

"सांग."

"रात्री तू दूध पितेस ना हळदीवालं. बाबा त्यात... ती तुझी गोळी... काय म्हणतात, पीसून टाकतात. चमच्यानं. मी दोनदा पाहिलं. मला वाटलं तुला माहीत आहे."

मी गॅस बंद केला. तिला विचारलं, "आजीला माहीत आहे?"

तिनं मान हलवली. आजीला माहीत होतं. दूध आजीच आणून द्यायची.

रागाचे अनेक प्रकार मी तोवर पाहिले होते, पण हा वेगळा होता. एकदम थंड. नवरा ऑफिसमधून येईपर्यंत मी पोळ्या पूर्ण केल्या. एकही करपली नाही. तो आला, बूट काढले. मी म्हटलं, "दुधात काय घालता?"

त्यानं नाकारलं नाही. हे मला जास्त लागलं. सोफ्यावर बसून शांतपणे म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं. घराची हालत बघ. आईला झोप नाही, पोरीचा अभ्यास नाही. तू आधी किती छान होतीस."

लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती. मी त्याला कायम अहो-जाहो करत आले होते. त्या संध्याकाळी माझ्या तोंडून निघालं, "तू मला विष घालत होतास."

"विष काय! डॉक्टरनं दिलेली गोळी..."

"मला न सांगता घातलीस. मी तिकडे ब्लेडनं कण कण कापतेय आणि तू इकडे चमच्यानं घालतोयस. पुन्हा फिट आली असती तर? सगळ्यांसमोर व्हायला नको म्हणून घरात व्हायला हवी होती का तुला?"

सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्याला अरे-तुरे करतेस?" त्या एवढ्या सगळ्यातून त्यांना तेवढंच ऐकू आलं.

मी त्यांच्याकडे वळले. "आई, दूध तुम्ही आणून देत होता. माझ्या हातात. संपेपर्यंत समोर बसत होता. मला वाटायचं, आता तरी माया करतात."

नवरा म्हणाला, "उद्या शांतपणे बोलू." मी म्हटलं, "शांतपणे मी आता काहीच बोलणार नाही."

परभणीच्या त्या मुलीशी माझं अधूनमधून बोलणं होत होतं. ती तब्येत विचारायला फोन करायची आणि मग स्वतःच्या परीक्षेचं रडगाणं गायची. तिची सगळी तयारी उत्तम होती, फक्त पूर्वपरीक्षेतल्या गणितात अडकायची. फोनवरच मी तिला काळ-काम-वेगाची दोन गणितं समजावली होती, आणि समजावताना लक्षात आलं होतं की पुढची पायरी मला आठवतेय. तिलाच मी विचारलं, तुमच्याकडे खोली मिळेल का? जुन्या राजेंद्र नगरमध्ये ती राहायची त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक खोली होती. खिडकी म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक. ती म्हणाली, "काकू, तुम्हाला इथं नाही जमणार." मी म्हटलं, "जमेल."

निघताना मुलगी रडली. म्हणाली, "मी सांगितलं म्हणून हे झालं का?" मी तिला जवळ घेतलं. "तू सांगितलंस म्हणून मी वाचले. जे झालं ते त्यांनी केलं." मग ती रागावून म्हणाली, "पण मला सोडून का जातेस यार?" मी म्हटलं, "बरी व्हायला जातेय. तुला हवं तेव्हा ये, मेट्रो आहे." ती पहिले काही महिने आली नाही. आता येते. कधी राहते, कधी भांडून निघून जाते. तिला न भांडणारी आई सोपी वाटायची हे तिनं एकदा तोंडावर सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघी खूप भांडलो आणि मग छोले-कुलचे खायला गेलो.

रिजवरच्या डॉक्टरीणबाईंना मी जाऊन दुधाचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "मैंने आप पर शक किया था. माफ़ कीजिएगा." सगळ्या प्रकरणात माझी माफी मागणारी ती एकच बाई.

पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू केलं. त्या भोकाच्या खोलीत कानातली शिट्टी जास्त मोठी वाटायची. भिंतीपलीकडे कुणीतरी चालू घडामोडी मोठ्यानं पाठ करत असायचं. दार ठोकून मी एकदा त्या पोराला झापलं, तर दुसऱ्या दिवशी तोच वही घेऊन गणित विचारायला आला. मग लातूरची एक मुलगी आली, बुलढाण्याचे दोघं आले. आता मी त्याच गल्लीत तळघरातली खोली घेऊन शिकवते. परभणीची मुलगी मुख्य परीक्षेपर्यंत पोचली, पुढे नाही. तिलाही आयोगावर इतका राग आला की ती दोन दिवस माझ्या खोलीत बसून नुसती बडबडत होती. मी तिला शांत हो म्हटलं नाही.

गोळी सुटली. शेवटचा कण घेतला तेव्हा काही विशेष वाटलं नाही, खरं सांगायचं तर मी तो घेतल्याचं विसरलेच होते. झोप अजून मोडते. कधी दात दुखतात. लोक विचारतात, आता राग गेला का? गेला नाही. त्या डॉक्टरचा दवाखाना अजून चालू आहे. मी मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार दिली आहे, सुनावणी पुढे पुढे ढकलली जाते, मी प्रत्येक वेळी जाते. तो तिथे मला वहिनी म्हणतो. मी त्याला दर वेळी सांगते, म्हणू नका.

गेल्या महिन्यात नवरा तळघरात आला. वर्ग चालू होता, म्हणून मागच्या बाकावर बसून राहिला. मी फळ्यावर एक लांबलचक उदाहरण सोडवत होते आणि मध्ये कुठेही थांबले नाही. मुलं गेल्यावर तो म्हणाला, "आई थकलीय. घर खायला उठतं. परत कधी येणार?"

"माहीत नाही."

"अजून किती राग धरणार आहेस?"

मी फळा पुसत होते. म्हटलं, "तुम्ही काय केलंत ते एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय मला. काळजी, घर, आई, पोर असे शब्द न घालता. जमेल?"

त्यानं दोनदा तोंड उघडलं. मग घड्याळ बघितलं, म्हणाला ट्रॅफिक वाढेल, आणि जिना चढून गेला. पुढच्या बॅचची मुलं खाली उतरत होती, त्याला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली.